समुद्राचे तुषार आणि वादळाचे बळ



कामगार संघटनेचा माणूस व्यासपीठावर आला म्हणजे तो बोनसवर, महागाई भत्त्यावर नाही तर कंत्राटी पद्धतीवर बोलणार, असे श्रोते धरूनच चालतात. त्यांचे चुकत नाही. माझी निम्मी हयात त्यातच गेली. आज मात्र मला समुद्रावरच्या थेंबांविषयी बोलावयाचे आहे, आणि तेही बुलढाणा जिल्ह्यात. येथून समुद्र सरळ रेषेत साडेतीनशे किलोमीटरांहून लांब. खारे पाणी पाहावयाचे तर लोणारला जावे, नाही तर पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यातली एखादी विहीर गाठावी. तरीही समुद्रावरचे वादळ आपल्याला अगदीच परके नाही. ३ जून २०२० रोजी दुपारी श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने 'निसर्ग' वादळ कोकणात शिरले आणि ४ जूनच्या सकाळी त्याचा उरलासुरला भाग पश्चिम विदर्भावर आला. त्या दिवशी येथे जो पाऊस झाला, त्याचे पाणी अरबी समुद्राचे होते.

पण हा विषय माझ्याकडे पावसाने आणला नाही. तो आणला एका फिटरने. आमच्याच भागातला हा तरुण. समुद्रातल्या तेलविहिरींच्या कामावर कंत्राटदाराकडून दोन हंगाम जाऊन आलेला. मे २०२१ मध्ये तो सुदैवाने घरी होता. त्या महिन्यात 'तौक्ते' वादळ आले. १७ मे रोजी मुंबईजवळच्या तेलक्षेत्रात 'पी-३०५' या बार्जचे नांगर सुटले, ती भरकटत एका फलाटावर आदळली आणि संध्याकाळी बुडाली. तिच्यावर २६१ माणसे होती. 'वरप्रदा' ही टगबोटही त्याच तुफानात गेली. नौदल आणि तटरक्षक दलाने दोन्हींवरची मिळून १८८ माणसे वाचविली, ८६ गेली. इशारे आधीच निघाले होते, हे येथेच सांगितले पाहिजे. एवढी माणसे समुद्रात का राहिली, याचा जाब हवामानशास्त्राने द्यावयाचा नाही. तो माझ्या नेहमीच्या विषयात मोडतो, आणि त्यावर दुसऱ्या सभेत बोलू. फिटरचा प्रश्न निराळा होता. तो म्हणाला, "भाऊ, तुफान कुठं जाणार ते यायले चार दिवस आधी समजते. मग ते केवढं होणार, हे काहून समजत नाही?"

प्रश्न रास्त आहे. वादळाची वाट सांगण्याचे शास्त्र गेल्या चाळीस वर्षांत फार पुढे गेले. १९९९ च्या ओडिशाच्या महावादळात सुमारे दहा हजार माणसे मेली. २०१३ साली त्याच किनाऱ्यावर 'फायलिन' आले, तेव्हा लाखो लोक आधीच हलविले गेले आणि मृतांची संख्या शंभराच्या आत राहिली. वाट ठरते ती वादळाभोवतीच्या मोठ्या वाऱ्यांवरून. नदीतला भोवरा प्रवाहाबरोबर जातो तसे हे आहे. प्रवाह नीट मोजला की भोवऱ्याची वाट कळते. बळ मात्र भोवऱ्याच्या पोटात ठरते, आणि त्यातही मुख्यतः पाणी आणि हवा जेथे भेटतात त्या तळच्या काही मीटरांत. तेथपर्यंत अजून कोणाचा हात नीट पोहोचलेला नाही.

चक्रीवादळ हे उष्णतेवर चालणारे इंजिन आहे. ज्यांनी बॉयलर पाहिला आहे त्यांना हे समजावयास वेळ लागणार नाही. एक ग्रॅम पाणी शून्य अंशापासून उकळेपर्यंत तापवावयास १०० कॅलरी लागतात. उकळत्या पाण्याची वाफ करावयास आणखी ५४० लागतात. ही उष्णता थर्मामीटरला दिसत नाही, वाफेत दडून राहते, आणि वाफेचे पाणी होताना परत मिळते. समुद्र ३० अंशांवर असतानाही पाणी हवेत जातेच. तेव्हा ग्रॅममागे सुमारे ५८० कॅलरी दडतात. वादळात वारा समुद्रावरून ही दडलेली उष्णता गोळा करीत मध्याकडे जातो, तेथे हवा वर चढते, ढग होतात, उष्णता मोकळी होते, मध्यावरचा दाब उतरतो आणि वारा आणखी जोरात आत येतो. कोळशाच्या जागी कोमट समुद्र. तौक्तेच्या वेळी अरबी समुद्राचे पाणी ३० ते ३१ अंशांवर होते, म्हणजे भट्टी भरलेली होती.

मग हे इंजिन वाढत वाढत कोठे थांबते? समुद्र जशी उष्णता देतो, तसा तो वाऱ्याला घासून अडवितोही. आवक आणि खर्च जेथे बरोबरीला येतात तेथे वादळाचे कमाल बळ ठरते. मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रज्ञान संस्थेतील केरी इमॅन्युएल यांनी १९८६ च्या सुमारास हा हिशेब मांडला. त्याचा सार असा, की इतर गोष्टी सारख्या धरल्या तर वाऱ्याच्या कमाल वेगाचा वर्ग हा उष्णता मिळण्याचा गुणांक भागिले घर्षणाचा गुणांक, या भागाकाराच्या प्रमाणात असतो. हा भागाकार लक्षात ठेवावा. पुढचे सारे भांडण त्याचेच आहे.

भांडण असे. मंद वाऱ्यात मोजमाप करून दिसले होते की वारा वाढतो तशा लाटा उंच होतात आणि घर्षणाचा गुणांक वाढत जातो. उष्णतेचा गुणांक मात्र जवळपास तेवढाच राहतो. हीच रेषा ताशी दोनशे किलोमीटरच्या वाऱ्यापर्यंत ओढली तर खर्च आवकीला गिळून टाकतो. म्हणजे कागदावर मोठी वादळे होऊच शकत नाहीत! इमॅन्युएल यांनी १९९५ साली दाखविले की खऱ्या तीव्र वादळांचा हिशेब जमावयाचा तर तो भागाकार साधारण पाऊण ते दीड यांच्या दरम्यान हवा. प्रचंड वादळे तर डोळ्यांदेखत होतात. तेव्हा जोरदार वाऱ्यात एक तर घर्षण कमी होत असले पाहिजे, नाही तर उष्णता जास्त मिळत असली पाहिजे. दोन्ही बाबतींत संशय गेला तो तुषारांवर.

तुषार तीन प्रकारे होतात. लाट फुटली की पाण्यात हवेचे बुडबुडे अडकतात. बुडबुडा वर येऊन फुटतो तेव्हा त्याची पातळ त्वचा फाटून अगदी सूक्ष्म थेंब उडतात; त्यांचे वजन नगण्य, त्यांना सोडून देऊ. फुटलेल्या बुडबुड्याच्या खड्ड्यातून पाण्याचा एक बारीक खांब वर उसळतो आणि त्याचे थेंब होतात. सोड्याच्या ग्लासावर गाल नेला तर जे टोचते ते हेच. तिसरा प्रकार आपल्या कामाचा: वारा ताशी ३५-४० किलोमीटरच्या वर गेला की तो लाटांचे शेंडेच ओरबाडू लागतो. हे थेंब मोठे, मिलिमीटरच्या दहाव्या भागापासून एक मिलिमीटरपर्यंत आणि त्याहूनही मोठे. भर वादळात त्यांचेच राज्य असते. तेथे पाणी कोठे संपले आणि हवा कोठे सुरू झाली हे सांगता येत नाही. फेस, पाणी आणि हवा यांचा काला झालेला असतो.

कपाशीवर फवारणी करणाऱ्याला थेंबाच्या आकाराचे महत्त्व शिकवावे लागत नाही. जाड थेंब पानावर पडतो, बारीक थेंब हवेवर तरंगत त्याच्याच नाकातोंडात येतो. २०१७ साली यवतमाळकडे फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा हे सगळ्या विदर्भाला फार महागात समजले. समुद्रावरही प्रश्न तोच: थेंब किती वेळ हवेत राहिला, आणि परत पडला की नाही.

आता उष्णतेचा हिशेब. येथे सामान्य समजूत फसते, आणि काही काळ जाणत्यांचीही फसली. वाटते असे, की हवेत एवढे थेंब उडाले म्हणजे बाष्पीभवनाला पाण्याचा किती तरी पृष्ठभाग जास्त मिळाला. तेव्हा बाष्प जास्त, उष्णता जास्त, वादळ जबर. हे का चुकते ते मला सूतगिरणीत समजले होते, फक्त समजले आहे हे ठाऊक नव्हते.

तरुणपणी मी एका गिरणीत हवा दमट ठेवण्याच्या प्लँटवर मदतनीस होतो. सूत तुटू नये म्हणून खात्यात पाण्याचे फवारे सोडतात. भिंतीवर दोन थर्मामीटर असत, एक कोरडा आणि एक ओल्या कापडात गुंडाळलेला. कारखाने कायद्याखालच्या नियमांनी ते ठेवावेच लागत. उन्हाळ्यात कामगार घामाने निथळत आणि साहेब कोरड्या थर्मामीटरकडे बोट दाखवून म्हणत, "फवारे लावले, चार अंश उतरले, आणखी काय पाहिजे?" मी वहीत दोन्ही आकडे लिहू लागलो. कोरड्याचा पारा खरेच उतरे. ओल्याचा जागचा हलत नसे. आणि माणसाच्या अंगाला जो जाच होतो तो बराचसा ओल्याच्या पाऱ्यावर असतो. रद्दीच्या दुकानातून आणलेल्या एका पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात कारण सापडले. थेंब हवेतच वाळला की त्याच्या बाष्पीभवनाची उष्णता हवेनेच दिलेली असते. हवा तेवढी गार झाली आणि तेवढेच बाष्प तिच्यात आले. एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात घातले. एकूण रक्कम तीच. (पगारातून कापून बोनस देणारे मालक मी पाहिले आहेत. त्या बोनसची आणि या उष्णतेची जात एकच.) ओला थर्मामीटर दाखवितो ती ही एकूण रक्कम. त्या वहीवर आमची पहिली मागणी जिंकली गेली, आणि पंखे बसले.

वादळाचे इंजिनही ओल्या थर्मामीटरवरच चालते. जो थेंब हवेत पूर्ण वाळला त्याने वादळाला जवळजवळ काहीच दिले नाही. मग कोण देतो? जो परत समुद्रात पडतो तो. समजा समुद्र ३० अंशांवर आहे आणि मिलिमीटरचा दहावा भाग त्रिज्येचा एक थेंब उडाला. असा थेंब एका सेकंदाच्या आत निवतो, समजा २६ अंशांपर्यंत. पूर्ण वाळावयास त्याला कित्येक मिनिटे हवीत. तोपर्यंत तो थांबत नाही, काही सेकंदांत खाली येतो. चार अंश निवताना त्याने ग्रॅममागे चार कॅलरी सोडल्या. यातून ग्रॅमचा फार तर दीडशेवा भाग बाष्प झाला. चार कॅलरी म्हणजे चिल्लर; पण ही चिल्लर हवेच्या खिशातली नाही, समुद्राच्या खिशातली आहे, कारण थेंब गार होऊन समुद्रात परत गेला आणि तूट समुद्राने सोसली. असे थेंब प्रत्येक सेकंदाला, प्रत्येक चौरस मीटरमधून किती उडतात, यावर चिल्लर मोठी की लहान हे ठरते. हा फरक नीट मांडण्याचे श्रेय बरेचसे एडगर अँड्रियास यांना आहे. ते अमेरिकन सैन्याच्या शीतप्रदेश संशोधनाच्या प्रयोगशाळेत काम करीत. उष्ण समुद्रावरच्या थेंबांचा हिशेब बर्फाच्या प्रयोगशाळेत बसून व्हावा, ही मला मोठी गमतीची गोष्ट वाटते.

थेंबाची दुसरी बाजू घर्षणाची. लाटेच्या शेंड्यावरून निघालेला थेंब वाऱ्यापेक्षा कितीतरी हळू असतो. वारा त्याला ओढतो, वेग देतो. म्हणजे तेवढा वारा थकतो. मग तो थेंब तो वेग घेऊन समुद्रावर आदळतो. थेंब म्हणजे इंजिनाच्या गळ्यातले लोढणे. अँड्रियास आणि इमॅन्युएल यांनी २००१ साली दोन्ही बाजू एकाच प्रारूपात घालून पाहिल्या. नुसती उष्णता धरली तर वादळ भलतेच फुगते. ओढही धरली तर दोन्ही बऱ्याच अंशी एकमेकांना खोडतात. दोन मोठ्या आकड्यांची वजाबाकी उरते, आणि अशा वजाबाकीत लहानशी चूक उत्तर बदलून टाकते. याच्या उलट म्हणणारेही आहेत: तळाशी जड थेंबांचा थर साचला की हवेची घुसळण दबते, फेसाने लाटांमधल्या खाचा बुजतात, आणि वारा उभ्या ज्वारीच्या शेतावरून जाण्याऐवजी रोलर फिरविलेल्या जमिनीवरून गेल्यासारखा सुळकन जातो. कोणते खरे?

ते मोजूनच ठरावे. १९८६ साली हॉलंडच्या किनाऱ्याजवळ, उत्तर समुद्रातल्या एका मनोऱ्यावर मोठा प्रयोग झाला. पण वारा ताशी ६५ किलोमीटरच्या आसपासच होता आणि तेवढ्यात तुषारांचा परिणाम वेगळा काढता आला नाही. २००३ साली मार्क पॉवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वादळांवरून विमानातून सोडलेल्या तीनशेहून अधिक यंत्रांच्या नोंदी तपासल्या. ही यंत्रे छोट्या छत्रीने खाली येतात आणि वाटेत वारा, उष्णता, बाष्प मोजतात. निष्कर्ष धक्का देणारा होता: वारा ताशी १२० किलोमीटरच्या सुमाराला गेला की घर्षणाचा गुणांक वाढायचा थांबतो. पुढच्या वर्षी प्रयोगशाळेतल्या टाक्यातही तेच दिसले. जुनी रेषा तेथे मोडली. उष्णतेकडून मात्र तसा आधार आला नाही. २००३ च्या वादळांत विमाने अगदी खाली, पाण्यापासून सत्तर मीटरपर्यंत नेऊन जे मोजले, त्यात ताशी शंभर किलोमीटरच्या वाऱ्यापर्यंत उष्णतेचा गुणांक वाढताना दिसला नाही. भागाकार पाऊणच्या आतच राहिला. त्याहून जबर वाऱ्यासाठी २०१२ साली काढलेला अंदाज तर ०.४ च्या आसपास आहे, पण त्यातली चूक मोठी असू शकते, हे काढणारेच सांगतात. मयामी विद्यापीठात २३ मीटर लांबीचे टाके आहे, त्यात सर्वांत मोठ्या वादळाएवढा वारा सोडता येतो. तेवीस मीटरांत मात्र थेंब नीट निवण्याआधीच दुसऱ्या टोकाला लागतो. लाटाही खऱ्या समुद्राच्या नव्हेत.

छत्रीच्या यंत्राची गोष्ट मी फिटरला सांगितली. शेवटचे दहा मीटर ते साधारण एका सेकंदात ओलांडते, तेवढ्यात दोनतीन आकडे मिळाले तर मिळाले, असे म्हटले. तो जरा थांबून म्हणाला, "शेवटच्या दहा मीटरातच तर आमी असतो, भाऊ."

आता प्रारूपाकडे येऊ. संगणकात समुद्र आणि हवा यांचे चौकोन पाडतात. खास वादळांसाठीच्या चांगल्या प्रारूपातही सर्वांत लहान चौकोन एकदोन किलोमीटरांचा. थेंब मिलिमीटरच्या अंशाचा. तेव्हा थेंब प्रत्यक्ष मोजले जात नाहीत. 'एवढ्या वाऱ्याला एवढी उष्णता, एवढी ओढ' असा एक ठोकताळा चौकोनाच्या तळाशी बसवितात. या ठोकताळ्याचा पाया म्हणजे किती थेंब उडतात तो आकडा, आणि भर वादळातल्या वाऱ्यासाठी निरनिराळ्या अभ्यासकांचे आकडे दहादहा पटींनी वेगळे येतात. मग जुन्या वादळांशी उत्तर जुळेपर्यंत गुणांक हलवितात. संस्थेचा ताळेबंद जुळेना म्हणजे काही कारकून 'किरकोळ खर्च' लिहून जुळवितात, त्याची मला आठवण होते. ताळेबंद जुळतो, खर्च कशावर झाला ते कळत नाही, आणि पुढच्या वर्षी पुन्हा अडते.

यात किती फरक पडतो ते अंकगणिताने पाहू. भागाकार ०.७ धरला काय किंवा १ धरला काय, दोन्ही अभ्यासकांनी मांडलेल्या मर्यादेतले आकडे आहेत. वेग वर्गमुळाने बदलतो, म्हणजे सुमारे वीस टक्के. ताशी १५० किलोमीटरचे वादळ १८० चे होते. वाऱ्याचा रेटा पुन्हा वेगाच्या वर्गाने वाढतो: वीस टक्के वेग म्हणजे चव्वेचाळीस टक्के जास्त रेटा, नांगराच्या साखळीवर, घराच्या पत्र्यावर, झाडाच्या बुंध्यावर. तौक्तेच्या वेळी १६ मेपर्यंतच्या पत्रकांत गुजरातच्या किनाऱ्यासाठी ताशी १५० ते १६० किलोमीटरचा वारा सांगितला होता. १७ तारखेला वादळ त्याच्या वरच्या वर्गात गेले आणि समुद्रावर त्याचा वारा १८० ते १९० झाला. हा फरक तुषारांमुळे पडला असे मी म्हणत नाही, तसे म्हणावयास पुरावा नाही. पाण्याची ऊब किती खोल होती, वरच्या थरांतला वारा वादळाला चिरत होता की नाही, अशी इतर कारणेही असतात. पण तुषारांविषयीचे आपले अज्ञान एकटेच एवढ्या मापाची चूक करू शकते, एवढे त्या गणितातून निघते.

आपल्या समुद्रांची अडचण आणखी वेगळी आहे. अटलांटिकवर अमेरिकेची विमाने वादळात नेहमी शिरतात. अरबी समुद्रावर आणि बंगालच्या उपसागरावर तशी नेहमीची पाहणी नाही. आपण उपग्रहाच्या चित्रांवरून, किनाऱ्यावरच्या रडारवरून आणि समुद्रात सोडलेल्या बोयांवरून बळ काढतो. 'सायक्लोन' हा शब्द १८४८ साली कलकत्त्यात हेन्री पिडिंग्टन यांनी घडविला आणि जगाला दिला. त्याच्या पोटातले मोजमाप मात्र आपण बहुतेक परक्या समुद्रावरून उसने घेतो. पुण्याची उष्णदेशीय हवामान संस्था १९६२ सालची. हवामान खाते अमेरिकेत बनलेले वादळाचे प्रारूप अनेक वर्षे चालवीत आले, आणि त्याचे तळचे गुणांक तिकडच्याच मोजमापावर बेतलेले. दिल्लीच्या आय.आय.टी.तील संशोधकांनी फायलिन वादळावर तुषारांची उष्णता आणि लाटांचा खडबडीतपणा घालून गणिते केली आहेत. अशा कामाला आपल्याच पाण्यावरच्या नोंदी हव्यात. उपसागरावर नद्यांच्या गोड्या पाण्याचा थर असतो, अरबी समुद्राची ऊब मान्सूनपूर्वी खोलवर असते. तेथला थेंब किती निवतो हे अटलांटिकवरून सांगता यावयाचे नाही.

फिटरला मी शेवटी एवढेच सांगू शकलो, की पत्रकात वाट आणि बळ असे दोन आकडे असतात, आणि ते सारख्या भरवशाचे नसतात. दुसऱ्या आकड्याच्या वरची एक पायरी धरून चालावे. तो पुन्हा कामावर जाण्यापूर्वी आम्ही दोघांनी मिळून एक अर्ज लिहिला: बार्ज किनाऱ्याला आणण्याचा निर्णय सांगितलेल्या वर्गावर नव्हे, त्याच्या वरच्या वर्गावर घ्यावा. अर्ज कंत्राटदाराला दिला आहे. पोच मिळाली, उत्तर यावयाचे आहे.